चांगुणाची बुटकी आणि देविदासची म्हैस

जवळा बाजारच्या अलीकडं, ओढ्यावरचा फरशीपूल ओलांडला की डाव्या हाताला टिनाचं एक शेड दिसायचं. आता दिसत नाही, ते का ते पुढं येईलच. त्या शेडमध्ये एक बुटका ट्रॅक्टर उभा असायचा. पुढं माती भरायचं रुंद बकेट, मागं खोदायचा दुमडलेला हात. मोठ्या जेसीबीचं लेकरूच म्हणा ना. गावानं त्याचं नाव 'बुटकी' ठेवलं होतं. मालकिणीला नाव ठेवायची मात्र गावाची हिंमत नव्हती. मालकीण म्हणजे चांगुणा. पन्नाशीची बाई, अंगानं काटक, साडीवर मेलेल्या नवऱ्याचा पांढरा सदरा, आणि तोंड असं की समोरच्यानं आधी आपली चूक शोधून ठेवावी आणि मगच बोलायला जावं.

नवरा नरसिंग नऊ वर्षांमागं काविळीनं गेला. त्याच्या मागं तीन वर्षं तिनं बैलांवर आणि मजुरांवर शेती रेटली. मजूर सांगितल्या दिवशी यायचे नाहीत. आले तर दुपारभर बाभळीखाली झोपायचे, आणि बाईमाणूस काय करणार म्हणून वर हसायचे. एका सकाळी तिचं डोकं फिरलं. बैलजोडी, सात शेळ्या आणि गळ्यातली एकदाणी विकून ती नांदेडहून ही जुनी, तिसऱ्या मालकाची मशीन घेऊन आली. आधीच्या ड्रायव्हरला दोन दिवस शेजारी बसवून शिकली. मग रानात पंधरा दिवस एकच उद्योग. भरलेल्या कळशीच्या गळ्याला दोरी बांधायची, ती मागच्या बकेटच्या दातात अडकवायची, कळशी उचलायची, गरकन फिरवायची आणि थेंब न सांडता खाली ठेवायची. तीन कळशा चेपल्या. चौथी चेपली नाही, ती अजून तिच्या घरात आहे.

शेडमध्ये बुटकीची बाकीची अवजारं भिंतीला टेकून ठेवलेली असत. खड्डे पाडायचा गिरमिट, सपाटी करायचा लोखंडी पाटा, आणि चर खोदायला वीतभर रुंदीचं अरुंद बकेट. जसं काम तसं अवजार. पिना ठोकायला, काढायला तिला कुणी लागायचं नाही. पिन अडली की तिच्या तोंडून जे काही निघायचं ते ऐकून रस्त्यानं जाणारे पाय उचलायचे. पण मोठी जेसीबी जिथं शिरत नाही तिथं बुटकी शिरायची. गल्लीतला संडासाचा खड्डा, गोठ्यामागचा उकिरडा, हळद शिजवायच्या भट्टीची जागा, उभ्या पिकातला चर. म्हणून शिव्या खाऊनही लोक तिच्याच दारात यायचे.

भागवत हॉटेलवाला सुरुवातीला चार माणसांत म्हणाला होता, "बाई मशीनवर, मग चुलीवर कोण? नरसिंगचं भूत?" दुसऱ्या दिवशी सकाळी भागवत हॉटेल उघडायला आला तर दारात छातीएवढा शेणाचा ढीग, आणि पलीकडं बुटकीवर चांगुणा बसलेली. "भागवत, चूल मीच करते. तुझं दार पण सारवून दिलं. आणखी काही करायचं आसंल तर सांग." त्या दिवशी दुपारपर्यंत हॉटेल उघडलं नाही.

पण हे सगळं वरवरचं. तिचा खरा राग, हाडात मुरलेला, एकाच माणसावर होता. देविदास. तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ.

लग्नानंतर अठरा वर्षं चांगुणा आणि नरसिंग परभणीकडं वीटभट्ट्यांवर होते. इकडं बापानं मरायच्या आधी रान उभं चिरून दोघा पोरांना वाटून दिलं. मधोमध धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातला आणि रस्त्याकडच्या टोकाला हद्दीचा दगड रोवून त्याला शेंदूर लावला. दगडाखाली, जुन्या माणसांच्या रीतीनं, गाडगंभर कोळसे पुरले. दगड काय, माणसं सरकवतात. कोळसा कुजत नाही, त्याला कोंब फुटत नाही, कुणी चोरून नेत नाही. उद्या भांडण झालंच तर खोदायचं, आणि कोळसा निघेल तिथं हद्द मानायची. बाप गेला त्या उन्हाळ्यात नरसिंग एकटा गावी आला आणि शेत कसायला लागला. चांगुणा बिऱ्हाड घेऊन आली ती जूनमध्ये. आली त्या दिवशीच त्यानं तिला दगडापाशी नेऊन सांगितलं, "हे बघ, दादानं दगड सरकवला. आपलं रान खाल्लं त्यानं."

झालं. तिनं तेवढं ऐकलं आणि पदराला गाठ मारली. धुरा रस्त्याच्या बाजूला तिरपा होता हे तर कुणालाही दिसत होतं. तिरपा कुणी केला, एवढाच वाद. सरकारी मोजणी दोनदा आली. दोन्हीदा नरसिंगनं साखळी धरू दिली नाही, माणसं दादानं फितवली म्हणून आरडाओरडा केला. चांगुणाला तेव्हा नवऱ्याचा केवढा अभिमान वाटला होता! ओढ्यापासून दगडापर्यंत तिच्या वाट्याला रस्त्याचं तोंड चौदा हात होतं. तेवढ्यातच शेड, तेवढ्यातच बुटकीची ये-जा. तिचं म्हणणं, बराबर मोजलं तर वीस हात निघतील, आणि ते सहा हात त्या मुडद्याच्या पोटात गेलेत.

आता ह्या भांडणात एक मोठी अडचण होती. सुनेनं भासऱ्याशी बोलायचं नाही, ही तिच्या माहेरची आणि सासरचीही रीत. डोक्यावर पदर, नजर खाली, तोंडातून शब्द नाही. चांगुणानं जगाला धाब्यावर बसवलं, पण ही रीत मोडली नाही. देविदासनंही नाही. मग भांडायचं कसं? चांगुणा बुटकीशी बोलायची आणि देविदास त्याच्या म्हशीशी. म्हशीचं नाव चंद्री. धुऱ्याच्या अलीकडं बुटकी, पलीकडं लिंबाखाली चंद्री, आणि बारा वर्षं हा कार्यक्रम.

आधी मशीन नव्हती तेव्हा ती बैलांना सांगायची. मशीन आल्यावर आवाज चढवावा लागला, एवढाच फरक.

"काय गं बुटके, काही लोकायचं रान खाऊन पण पोट भरत न्हाई, व्हय की न्हाई?" ती ग्रीस भरता भरता ओरडायची.

पलीकडं देविदास म्हशीच्या पाठीवर पाणी ओतत शांतपणे म्हणायचा, "चंद्रे, ऐकलंस का? लोक आता लोखंडाला साक्षीला घेऊन राहिले."

"बुटके, हात झडतील म्हणावं. ज्या हातानं दगड उचलला ते हात झडतील."

यावर मात्र देविदास उठून विहिरीकडं जायचा. चांगुणाला वाटायचं, लागलं. बराबर जागी लागलं.

यंदा दिवाळी झाली आणि देविदासच्या हळदीवर संकट आलं. विहीर रस्त्याकडंच, दगडापासून हाकेवर. तिथून धुऱ्याच्या कडेनं जमिनीखालून गेलेली जुनी पाइपलाइन जागोजागी फुटली. हळद कमरेएवढी उभी, कंद भरायचे दिवस, आणि पानं सुरळी करून राहिलेली. नवी पाइप आणून ठेवली, पण चर कोण खोदणार? मजूर सगळे कापूस वेचायला गेलेले. मोठी जेसीबी आत घातली तर हळदीचे चार वाफे आडवे. उरली कोण? बुटकी.

देविदासची सून मिना, नवरा पुण्याला कंपनीत, घरात ती आणि सासरा दोघंच. ती एका सकाळी धुरा ओलांडून आली.

"काकू, मामांनी न्हाई पाठवलं. माझी मीच आले."

"तुझा मामा कशाला पाठवल? त्याला माझी मशीन चालती व्हय? विटाळ हुईल त्याच्या हळदीला."

"काकू, आठ दिवसांत पाणी न्हाई मिळालं तर पीक जाईल हो. तुमी दर लावा काय लावायचा तो."

चांगुणा नाहीच म्हणणार होती. शब्द ओठावर आला होता. आणि एकदम तिला दिसलं की चर धुऱ्याच्या कडेनं जाणार, म्हणजे देविदासच्या बाजूनं. बारा वर्षं जिथं तिला पाय ठेवता आला नव्हता तिथं तिची बुटकी त्याच्याच कामासाठी, त्याच्याच डोळ्यांदेखत खोदणार. दगडाची खरी जागा तिथंच कुठंतरी होती. कोळसाही तिथंच.

"येते," ती म्हणाली. "पण सुरुवात दगडापासून करीन. अन् मला मधी कुणी शिकवायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी दव उतरायच्या आत तिनं अरुंद बकेट चढवलं आणि बुटकी धुऱ्यापलीकडं घातली. दोन्ही बाजूचे लोखंडी पाय जमिनीत रोवले, खुर्ची मागं फिरवली, दांड्या हातात घेतल्या. देविदास लिंबाखाली बाजेवर बसला होता, हातात काठी, शेजारी चंद्री रवंथ करत.

चराला तीन फूट खोली पुरे होती. चांगुणा छातीएवढी खाली गेली. काळी माती संपली, पिवळा मुरूम लागला. काही नाही. मशीन दोन हात सरकवली, पुन्हा खड्डा. काही नाही. मग विहिरीकडच्या मोकळ्या जागेत चार हात आत. मग सहा. तिथं तर निघायलाच पाहिजे होतं, नरसिंगच्या हिशोबानं अगदी तिथंच. तिनं मुरुमाखालचा पांढरा थर लागेपर्यंत खोदलं. पाइप बाजूला तशीच पडलेली आणि चराच्या जागी चार खड्डे.

"काकू, तीन फूट बस की," मिना म्हणाली.

"तू गप!"

तेव्हा देविदास खाकरला. "चंद्रे," तो म्हणाला, "तिला सांग, माझ्या रानात घराचा पाया काढून राहिलीस का म्हणावं. बारा वर्षं गप बसलो. आज माझं रान उकरलं म्हणून बोलतो. कोळसा हितं न्हाई. तिच्या शेडच्या दारात हाय. बापानं पुरला तव्हा टिकाव माझ्या हातात होता."

चांगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. "ऐकलंस बुटके?" ती किंचाळली. "बारा वर्षं रान खाल्लं अन् आता चोरी पण आमच्याच दारात आणून टाकली! चल. चल आत्ताच्या आत्ता. याला गावासमोर खोटा न्हाई पाडला तर मी चांगुणा न्हाई!"

पाय वर, खुर्ची पुढं, आणि बुटकी खड्ड्यांना वळसा घालून दणदणत शेडपुढं आली. मिना मागून "काकू, काकू" करत धावली. देविदास उठला. चालत आला, ओढ्याच्या काठापासून तीन हात मोजले, काठीचं टोक जमिनीवर टेकवलं, तिथं एक रेघ मारली आणि माघारी जाऊन बाजेवर बसला. मिनाही मग त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली.

चांगुणानं खोदायला घेतलं. पहिला घास. दुसरा. रोज बुटकी जिथून जायची ती दाबून दगड झालेली माती, पण खाली गेल्यावर भुसभुशीत निघाली, एकदा उकरलेली माती निघते तशी. तिनं ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. कमरेएवढी खोली झाली आणि दांडीवरच्या तळव्याला काहीतरी लागलं. आवाज असा नव्हताच. दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर त्याला कळलंही नसतं, बकेट तसंच आत गेलं असतं, गाडग्याचा चुरा झाला असता आणि काळ्या मातीत काळा कोळसा कुणाच्या बापाला दिसला नसता. पण हा हात कळशीवर तयार झालेला. तो आपोआप थांबला.

ती खाली उतरली. खुरप्यानं, मग बोटांनी माती बाजूला केली. लाल कड दिसली. तोंडावर फरशीचा तुकडा ठेवलेलं गाडगं, कुठं तडा नाही. तिनं तुकडा उचलला. आत कोळसे, कोरडे, हलके, परवा भरल्यासारखे.

देविदास लांब होता, मिनाही लांब. खड्ड्यात काय आहे ते फक्त तिला दिसत होतं. एक टाच मारली असती तर सगळं मातीत मिसळलं असतं. तिनं टाच उचललीही. ह्या तीन हातांच्या पुढं सगळं देविदासचं. शेड त्याचं, वाट त्याची. बुटकी अंगानं साडेतीन हात, म्हणजे ती आपल्या रानातून रस्त्याला लागणारच नाही. सहा वर्षांची मेहनत त्या टाचेखाली होती.

आणि मग तिला राग आला. आजवरचे सगळे राग एकीकडं आणि हा एकीकडं. "नरसिंगा," ती गाडग्याकडं बघून म्हणाली, "मेल्या, मला भुंकायला लावलंस रं तू. बारा वर्षं. तुझ्यासाठी मी त्या माणसाचे हात झडायचे शाप दिले, अन् हात तुझे होते." तिनं गाडगं उचललं.

धुरा ओलांडून ती थेट बाजेपुढं उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला. आणि लग्नाला तीस वर्षं झाली, तेवढ्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं. भासऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि बोलली.

"दादा, गाडगं निघालं. दगड ह्यांनीच सरकवला होता. तुमाला ठाव होतं. काहून सांगितलं न्हाई?"

मिनानं तोंडाला पदर लावला. देविदासनं गाडग्याकडं बघितलं, एक क्षण तिच्याकडंही. मग मान फिरवली.

"चंद्रे," तो म्हणाला, "सांग तिला. बापानं वाटणी केली तव्हा, ओढा तिथं आत वळलाय म्हणून, धाकट्याला रस्त्याकडं तीनच हात आले. गाडी माझ्या रानातून जायची. रोज सकाळी मला इचारायचा, दादा, गाडी काढू का. त्याची त्याला लाज वाटायला लागली. मी हिंगोलीला दवाखान्यात पडलो अन् त्यानं दगड उचलला. आल्यावर मला दिसलं. माझ्या पायावर डोकं ठेवून म्हणला, दादा, बायकोला कळू देऊ नको, तिच्या नजरेतून उतरंल मी. माझा भाऊ होता. गप बसलो. त्याच्यासाठी बसलो, तिच्यासाठी न्हाई. तिच्या शिव्या मी जित्ता हाय तवर माफ न्हाईत म्हणावं."

"दादा, मी तुमच्याशी बोलून राहिले. म्हशीशी न्हाई."

देविदास उठला आणि चंद्रीपुढं कडबा टाकायला लागला.

चांगुणानं मग आधी त्याचा चर काढला. तीन फूट, दोरी धरल्यासारखा सरळ, हळदीचं एक पान न मोडता. चार खड्डे पुढच्या बकेटनं बुजवून वरून पाटा फिरवला. मग शेंदराचा दगड साखळीनं बांधून उचलला, ओढ्याकडं नेला आणि गाडगं जिथं होतं तिथं परत पुरून त्याच्यावर रोवला. दिवस मावळायच्या आत शेडचे टिन तिनं एकटीनं उतरवले. रात्री नरसिंगचा सदरा अंगातून काढला. दुसऱ्या दिवसापासून तो बुटकीचं ग्रीस पुसायला वापरात आला.

गावात बातमी पसरली. भागवतनं एकदा हसायला तोंड उघडलं. चांगुणानं नुसतं पुढचं बकेट उचललं, तेवढ्यावर त्यानं ते मिटलं.

आता बुटकी मागं बोरीखाली, उघड्यावर उभी असते. रोज सकाळी चांगुणा ती काढते आणि नव्या हद्दीशी येऊन थांबवते. इंजिन बंद करते, कारण इंजिनच्या आवाजात पलीकडं ऐकू जात नाही, किंवा ऐकू गेलं नाही असं म्हणायला जागा राहते. पदर सारखा करते.

"दादा, जाऊ का?"

देविदास चहा पीत असतो. तो पूर्ण पितो. कप विसळतो. चंद्रीचं दावं सोडतो, तिला पाणी दाखवतो. तोवर चांगुणा बुटकीवर बसून असते, आणि रस्त्यानं जाणारे येणारे बघत असतात. सगळं झालं की तो म्हशीच्या पाठीवर हात ठेवतो.

"चंद्रे, जा म्हणावं. हळदीला चाक लावू नको म्हणावं."

म्हैस काही सांगत नाही. चांगुणा किल्ली फिरवते.